दिसणारा सांधा

गुण्याकाकांचं खरं नाव विजेच्या बिलावर छापून येतं, तेवढंच. बाकी सगळा गाव त्यांना गुण्याकाका म्हणतो, कारण त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, गुण्या असतो. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं ते लोखंडी हत्यार, सुतार-लोहारांकडे असतं ते. पण ते खिशात घालून लग्नाला जाणारा माणूस हा एकच. एकदा ताप आला म्हणून दवाखान्यात गेले, तर डॉक्टरीणबाई नाडी बघत होत्या तेवढ्यात यांनी त्यांच्या टेबलाला गुण्या लावला आणि "कोपरा एक सूत बाहेर आहे" असा निकाल देऊन टाकला. ताप तेव्हा एकशे दोन होता.

धंदा खिडक्यांच्या जाळ्यांचा आणि फाटकांचा. खाली कारखाना, वर घर. कारखाना हा जरा मोठा शब्द झाला. एक लांब खोली, तिच्यात वेल्डिंगचं मशीन, दोन ग्राइंडर, भिंतीला टेकवलेल्या सळ्या आणि एक खुर्ची, जिच्यावर कुणी बसायचं नाही, कारण तिच्यावर ओला रंग लावलेलं काहीतरी कायम वाळत पडलेलं असतं. पण या खोलीतून निघालेली जाळी ओळखू यायची. काकांची जाळी कोणती? तर जिचा सांधा दिसत नाही ती. वेल्डिंग झालं की ते ग्राइंडर घेऊन बसायचे आणि जोडाचा उंचवटा असा घासून काढायचे, की दोन सळ्या एकमेकींतूनच उगवल्यासारख्या वाटाव्यात. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "डोळे मिटा, हात फिरवा. बोटाला सांधा लागला तर माल परत." आजवर एकाचाही माल परत आला नव्हता, आणि या गोष्टीचा काकांना इतका अभिमान होता की ती न विचारता सांगायचे.

दुसरी एक सवय. माल गिऱ्हाइकाच्या घरी बसवला की काका स्वतः त्याला लटकायचे. दोन्ही हातांनी फाटक धरायचं, पाय दुमडायचे आणि वीस आकडे मोजायचे. साठीतला माणूस माकडासारखा फाटकाला लोंबकळतोय, हे बघायला गल्लीतली माणसं जमायची. काकांना त्याचं काही वाटत नसे. वीस झाले की पाय टेकायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "घ्या. आता तुमचं."

ही सवय बावीस वर्षांपूर्वी लागली, आणि तिच्यामागचं कारण काही हसण्यासारखं नाही. तेव्हा काकांनी स्वतःच्या घराच्या गॅलरीला कठडा केला होता. असा देखणा की शेजारपाजारचे मुद्दाम बघून गेले. एका सकाळी काकू चादर झटकायला म्हणून त्याला रेलल्या आणि कठड्यासकट खाली गेल्या. खाली बांधकामाची वाळू पडलेली होती म्हणून निभावलं. जीव वाचला, पण डावा हात कोपरात मोडला आणि जुळून आला तो वाकडा. अजूनही तो पुरता सरळ होत नाही. काकू त्याच हाताने शिवणयंत्रावर कापड सरकवतात, पडदे आणि अभ्रे शिवतात, आणि कुणी हळहळायला लागलं तर म्हणतात, "अहो, पिशवी अडकवायला बरा पडतो."

काकांनी तेव्हाच निदान करून टाकलं, पाइप खोटा होता. पाइपवाल्याने आतून गंजलेला माल गळ्यात मारला. त्या दिवसापासून त्यांनी कठडे, जिने, गच्चीचे कठडे, ज्याच्यावर माणूस अंगाचा भार टाकेल असं काहीही करणं सोडलं. गॅलरीच्या दाराला आतून कपाट लावून टाकलं. तुटलेल्या कठड्याचा एक तुकडा काकूंनी परसातल्या कुंडीत रोवला आणि त्यावर वेल चढवला. आणि काका रोज सकाळी चहा पिताना काही ना काही निमित्ताने पाइपवाल्याचा उद्धार करत राहिले. पाइपवाला वारला त्याला अकरा वर्षं झाली, तरी त्याची सुटका झाली नव्हती.

या दोघांना एकच लेक. तिने सळई हातात घ्यावी असं काकांना वाटत होतं, पडदे शिवावेत असं काकूंना वाटत होतं; तिने जुनी जीप घेतली. डोंगरातल्या वरच्या वस्तीवरची नऊ मुलं ती रोज शाळेत आणते आणि परत सोडते. रस्ता म्हणजे निम्मा वेळ ओढ्याचं कोरडं पात्र, त्यात टोपलीएवढ्या धोंड्यांपासून कपाटाएवढ्या धोंड्यांपर्यंत सगळे. चालत आलं तर शाळेत उतरायला दोन तास, परत चढायला अडीच. जीप सुरू होण्याआधी त्या नवांपैकी तिघंच शाळेत दिसायची, तीही आठवड्यातून दोनदा.

मागच्या सत्राच्या शेवटच्या आठवड्यात जीप एका धोंड्यावर बसली. दारांखालचा पत्रा आत चेपला आणि दारांनाच जाऊन भिडला. एका बाजूची दोन्ही दारं अडकली, दुसऱ्या बाजूला दरड. नऊ मुलं मागच्या खिडकीतून एकेक करून काढावी लागली. कुणाला खरचटलंही नाही. मुलांना तर फारच मजा आली. पण हे मोठ्यांच्या कानावर गेलं, आणि शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी जीप बंद केली.

बाई कडक, पण अन्यायाच्या नव्हेत. त्यांनी लेकीला समोर बसवून सांगितलं, "शाळा सोमवारी सुरू होतेय. आदल्या शनिवारी मी स्वतः ओढ्यात येऊन उभी राहीन. मुलांच्या वजनाची पोती भर, गाडी वर ने, खाली आण. मला गाडी धोंड्यावर बसलेली बघायचीय आणि त्यानंतर चारही दारं उघडलेली बघायचीत. उघडली तर सोमवारी मुलं तुझ्या गाडीत. नाही उघडली तर मला पुन्हा विचारू नकोस."

लेक घरी आली ती थेट कारखान्यात.

"बाबा, मला जीपला दोन्ही बाजूंनी पाइप बसवायचेत. स्लायडर म्हणतात त्याला. दारांखाली एक जाड आडवा पाइप, त्याला तीन पाय, आणि ते पाय आत चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टांनी आवळलेले. गाडी धोंड्यावर आली की पत्र्यावर बसत नाही, पाइपावर बसते आणि घसरून पुढे जाते."

"मग विकत आण की."

"एवढ्या जुन्या गाडीचे कुणी करत नाही. विचारलं सगळीकडे."

काकांनी तिच्या फोनवरची चित्रं बघितली. चष्मा वर केला, खाली केला. "हा कठडाच आहे," ते म्हणाले. "आडवा पाडलेला कठडा. मी कठडे करत नाही, ठाऊक आहे तुला."

"मग मी करते. वेल्डिंगचा होल्डर द्या."

तिला वेल्डिंग येत होतं, म्हणजे लोखंडाला लोखंड चिकटवता येत होतं. तिचं काम कोंबड्यांनी उकरल्यासारखं दिसतं, असं काका चारचौघांत म्हणत. नऊ मुलांच्या बुडाखाली ते काम जाणार, हा विचार त्यांना सहन झाला नाही. त्यांनी होल्डर तिच्या हातातून काढून घेतला, पुटपुटत खिशातला गुण्या काढला आणि जीपखाली आडवे झाले.

आता पाइपाच्या बाबतीत बावीस वर्षांचा डूख धरलेला माणूस पाइप कसा निवडेल, ते सांगायला नको. तीन दुकानं पालथी घातली. प्रत्येक पाइपाला कान लावून हातोडीने वाजवलं. आतून विजेरी मारून बघितलं. दोन इंची, जाड पोटाचा पाइप शेवटी पसंत पडला, तर त्याचा एक तुकडा कापून घेतला आणि दुकानदारासमोर घण घालून चेपायचा प्रयत्न केला. चेपला नाही. दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, मुलीला स्थळ बघतानासुद्धा एवढं बघत नाहीत."

मग चार दिवस कारखान्यात दुसरं काम नव्हतं. दारांखालचा चेपलेला पत्रा लेकीने ठोकून जागेवर आणला. काकांनी पायांची टोकं पाइपाच्या गोलाईला बसतील अशी अर्धचंद्राकार कापली, कानशीने घासून घासून अशी की मधे कागद जाऊ नये. पाणसळ लावली, गुण्या लावला, टाके मारले आणि मग वेल्डिंग. सहा पायांपैकी एक, डाव्या बाजूचा मागचा, लेकीने हट्टाने स्वतः जोडला. मशीनचा करंट भलताच वाढवून तिने रॉडवर रॉड जाळले आणि सांध्याभोवती तीन थरांचा ओबडधोबड कडा उभा केला. काकांनी तो बघून डोळे मिटून घेतले. बाकीचे पाच त्यांनी नेहमीच्या हाताने जोडले आणि नेहमीसारखे घासले. सहाव्याकडे वळले, तर ग्राइंडरची शेवटची चकती संपली; नव्या दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. "राहू दे," ते लेकीला म्हणाले, "तो मागे आहे, कुणाला दिसणार नाही."

काळा रंग मारला. जीपला बसवल्यावर ते दोन पाइप असे शोभले की काकू खास जिना उतरून बघायला आल्या. काकांनी त्यांना डोळे मिटून हात फिरवायला लावला. लटकायला उंची नव्हती, म्हणून पाइपावर उभे राहून त्यांनी वीस उड्या मारल्या आणि म्हणाले, "घे. आता तुझं."

"थांबा," लेक म्हणाली. "गाडी तुमच्यापेक्षा जड आहे."

तिने चाकांना आणि चासीखाली लाकडी ठोकळे लावले, डाव्या पाइपाच्या मधोमध जॅक घातला आणि दांडा मारायला सुरुवात केली. मंगळवारची दुपार होती. पाइप वर गेला, त्याच्यासोबत चासी उचलली गेली, चाकाखाली उजेड दिसायला लागला. काकांच्या तोंडावर हसू फुटतच होतं, तेवढ्यात टक् असा आवाज झाला. पुढचा पाय सुटला. पाठोपाठ मधला सुटला. जीप वीतभर खाली येऊन धप्पकन ठोकळ्यांवर बसली आणि तिचा एकूण एक पत्रा खडखडला.

"पाइप!" काका ओरडले. "बघ, पुन्हा पाइपानेच दगा दिला!"

ते गुडघ्यांवर बसले आणि पाइप तपासायला लागले. पाइपाला पोचाही नव्हता. होता तसा गोल, होता तसा सरळ. त्यांनी गुण्या लावून पाहिला, पट्टी लावून पाहिली. मग नाइलाजाने सुटलेल्या पायाचं टोक बघितलं. जिथे जोड होता तिथे सबंध गोलाईवर चमकणारी एक बारीक रेघ, नखाच्या कडेएवढी. एवढ्यावरच ते सगळं उभं होतं. आणि मागे लेकीचा तो उकिरडा जसाच्या तसा. दोन पायांचा भार एकट्याने घेऊनही त्याला साधी भेगसुद्धा नव्हती.

काकांनी बोल्ट काढून तो पाय सोडवला. तो हातात घेऊन वर घरी गेले.

काकू खिडकीशी पडदा शिवत होत्या. "सुटलं?" त्यांनी विचारलं. आवाज वरपर्यंत आला होता.

"सुटलं."

"पाइप खोटा?"

"पाइप चांगला आहे."

काकूंचं यंत्र थांबलं. हे वाक्य त्या घरात बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकू येत होतं. काकांनी लोखंडाचा तो तुकडा पडद्यावर ठेवला. एरवी पडद्यावर गंजका हात लागला तरी काकू घर डोक्यावर घेतात. आज त्यांनी चमकत्या कडेवर अंगठा फिरवला.

"हे जोडलेलं होतं? एवढंच?"

"नाही, वर होतं की पुष्कळ. ते घासलं."

"कशाला?"

"दिसू नये म्हणून."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग पडदा उलटा करून त्यांच्यापुढे धरला. "ही शिवण. आणि तिच्याबाहेर हे बोटभर कापड दिसतंय ना? याला आम्ही माया म्हणतो. मी ते शिवणीला लागून कापून टाकलं, तर उलटी बाजूसुद्धा अशी सुंदर दिसेल की विचारू नका. आणि दोनदा ओढला की पडदा हातात येईल. टाका कापडात धरतो, अहो. कापडच ठेवलं नाही तर तो धरणार कशाला?"

काकांनी पडद्याची ती माया बोटांत धरून बघितली. मग जिना उतरून परसात गेले. कुंडीतला वेल त्यांनी हलक्या हाताने बाजूला केला आणि कठड्याच्या त्या तुकड्याचं टोक शोधलं. वरून गंज होता, पण पाइप अख्खा होता. गोल, धडधाकट, आतूनही. सुटला होता तो सांधा. बावीस वर्षांच्या गंजाखालीसुद्धा तो हाताला गुळगुळीत लागत होता. जाळीच्या बारीक सळ्यांना करतात तसं वरवरचं वेल्डिंग जाड पाइपाला केलेलं, आणि त्यातलं जे काही धरत होतं तेच नेमकं घासून टाकलेलं. डोळे मिटून हात फिरवला तर सांधा लागला नसता.

ते परत वर आले तेव्हा रडत होते. लपवलंही नाही.

"पाइप खोटा नव्हता," ते म्हणाले. "मीच घासलं होतं. तुझा हात माझ्यामुळे गेला."

काकूंनी सुईत दोरा ओवायला घेतला होता. तो ओवून झाल्यावरच त्या बोलल्या. "मला लोखंडातलं काय कळतंय? पण मेलेल्या माणसाला तुम्ही रोज सकाळी शिव्या घालायचात, तेव्हा वाटायचं खरं, की हे एवढं कशाला बोलतायत."

"मग कधी म्हणाली का नाहीस?"

"म्हणाले असते तर तुम्ही धंदा सोडला असता. आणि मग दिवसभर घरात बसून माझ्या टेबलाचे कोपरे मोजले असते. तो हात परवडला." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "राग नव्हता असं नाही. पहिली दोन वर्षं खूप होता. केस विंचरताना हात मागे जायचा नाही, तेव्हा तुमचा राग यायचा. मग नाही आला. आता रडून झालं असेल तर खाली जा. पोरगी एकटीच ठोकतेय आणि शनिवार चार दिवसांवर आलाय."

काका खाली गेले आणि त्यांनी एक गोष्ट केली जी त्यांना आयुष्यात फार जड गेली असणार. लेकीच्या त्या ओबडधोबड सांध्यापुढे बसले, चष्मा लावला आणि तिला विचारलं, "करंट किती ठेवला होतास?"

नव्याने काम सुरू झालं. पाचही पाय सोडवले. या खेपेला काकांनी कडा तिरक्या उतरवल्या, म्हणजे वितळलेलं लोखंड पार आत उतरेल. करंट वाढवला. एक थर, त्यावरची काळी खपली ठोकून काढायची, ब्रश मारायचा, मग दुसरा थर, मग तिसरा. प्रत्येक पायाला वर एक त्रिकोणी पट्टी. सांधा जोडून झाला की काकांचा हात आपोआप ग्राइंडरकडे जायचा. पहिल्या दिवशी लेकीने तीनदा पकडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर कारखान्यातल्या सगळ्या चकत्या गायब. काकूंनी त्या शिवणाच्या डब्यात घालून वर कुलूप लावलं होतं. काका दिवसभर कुरकुरत होते, पण किल्ली मागायला गेले नाहीत.

गंमत अशी, की काकांच्या हातचं न घासलेलं वेल्डिंग दिसायला वाईट नव्हतंच. एकावर एक सरकलेल्या नाण्यांसारखी बारीक लाट, सगळीकडे सारखी. चाळीस वर्षं ते ही लाट काढत होते आणि लगेच पुसत होते, त्यामुळे ती त्यांनी स्वतःसुद्धा नीट बघितली नव्हती. लेक म्हणाली, "बाबा, हे छान आहे की." काका म्हणाले, "असू दे," आणि पुढच्या सांध्याला जरा जास्तच जपून हात चालवला.

शुक्रवारी जॅक लावला. जीप वर गेली आणि जेवणं होऊन चहा होईपर्यंत त्या एका पाइपावर तोललेली राहिली. मग दुसरी बाजू. काही हललं नाही.

शनिवारी सकाळी मुख्याध्यापिकाबाई ओढ्यात छत्री उघडून एका धोंड्यावर उभ्या होत्या. वरच्या वस्तीवरून दोघं-तिघं आईबापही उतरून आले होते. लेकीने जीपमध्ये वाळूची नऊ पोती भरली, प्रत्येक मुलाच्या जागेवर एक. ती चाक हातात घेणार, एवढ्यात मागचं दार उघडून काका आत शिरले आणि दोन पोत्यांच्या मधे बसले.

"बाबा, उतरा. तुमची काय गरज आहे?"

"मी लटकल्याशिवाय माल देत नाही," काका म्हणाले.

तोवर दुसऱ्या बाजूने काकूही चढल्या होत्या. त्या बसल्या नेमक्या मागच्या वेळी अडकलेल्या दाराशी, आणि वाकडा हात त्यांनी खिडकीवर टेकवला.  काकांना म्हणायचं होतं, तू उतर, तू नको. पण हे म्हणणं म्हणजे आपल्याच सांध्यांवर विश्वास नाही म्हणणं, हे त्यांचं त्यांना कळलं, आणि त्यांनी समोरच्या सीटची कड धरली.

जीप वर गेली ती ठीक गेली. उतरताना लेकीने मुद्दाम तोच धोंडा धरला. पुढचं चाक त्यावरून उतरलं आणि सगळी गाडी डाव्या अंगावर धाडकन धोंड्यावर बसली. नऊ पोती, तीन माणसं आणि जीपचं सगळं लोखंड. काकांनी डोळे मिटले आणि मोजायला सुरुवात केली. एक. दोन. खालून कर्रर्र असा अंगावर काटा आणणारा आवाज आला. तीन. चार. गाडी पुढे सरकत होती. पाइप दगडावरून घसरत होता, अडखळत, पण घसरत. अकराला चाक जमिनीला लागलं. काका तरी वीसपर्यंत मोजत राहिले.

"अहो," काकू म्हणाल्या, "दार उघडू का?"

त्यांनी कडी ओढली. दार उघडलं, आपल्या घरचं उघडतं तसं. मग लेकीने खाली उतरून बाकीची तीन उघडली. बाई छत्री मिटून जवळ आल्या. प्रत्येक दार त्यांनी स्वतः तीन-तीनदा उघडलं, लावलं. मग वाकून खाली बघितलं. पाइपाचा रंग हातभर खरवडून निघाला होता आणि आतलं पांढरं लोखंड दिसत होतं. पत्रा जागचा हलला नव्हता. बाईंनी मधल्या पायाच्या सांध्यावर बोट ठेवलं.

"काका, तुमच्या कामात असं कधी बघितलं नाही. हे घासायचं राहिलंय का?"

"नाही," गुण्याकाका म्हणाले. "ते तसंच ठेवायचं असतं."

बाईंनी मान हलवली आणि लेकीला म्हणाल्या, "सोमवारी घंटा साडेसातला होते. उशीर चालणार नाही." वस्तीवरून आलेल्या एका आईने लेकीचे दोन्ही हात धरले आणि ती ते नुसते हलवत राहिली.

रविवारी कारखाना बंद असतो. त्या रविवारी मात्र सकाळपासून ग्राइंडरशिवायचे सगळे आवाज येत होते. उरलेला जाड पाइप काकांनी कापला, कडा उतरवल्या, तीन-तीन थर दिले. संध्याकाळी त्यांनी आणि लेकीने मिळून वरच्या खोलीतलं कपाट ढकललं, तेव्हा त्यामागे बावीस वर्षांची धूळ आणि काकूंची हरवलेली एक कात्री सापडली. गॅलरीचं दार फुगलं होतं. ते रंधून काढावं लागलं. कठडा भिंतीत आणि फरशीत बसवला. कामावर गुण्या लावून झाला, पण सांध्यांवरून हात फिरवायला काकांनी कुणालाही सांगितलं नाही. ते सगळे उघड्यावर होते, बोटभर जाड, कुणालाही रस्त्यावरून दिसतील असे. त्यांच्या डोक्यात आता गावातली आणखी बारा-तेरा फाटकं होती, ज्यांच्या बिजागऱ्यांना पुन्हा एकदा टाके मारून यायला हवं होतं. त्यांची यादी त्यांनी कपाटाच्या बाजूला खडूने लिहून ठेवली.

सिमेंट रात्रभर सुकू दिलं. सोमवारी सकाळी जीपचा आवाज कोपऱ्यावर आला तेव्हा काका चहाचा कप खाली ठेवून उठले. लटकल्याशिवाय माल द्यायचा नाही, हे तर ठरलेलंच. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि गॅलरीत पाय टाकला.

काकू तिथे आधीच होत्या. कठड्यावर वाकडा हात टेकून, त्यावर अंगाचा सगळा भार टाकून त्या खाली वाकल्या होत्या आणि जीपच्या खिडक्यांतली डोकी मोजत होत्या.

"सात," त्या म्हणाल्या. "आठ. अहो, सरका जरा, दिसत नाही. हां, नऊ."